कुत्र्या-मांजराचे दात भूल न देता खरवडताय? आधी हे वाचा

पेण/रोहा (वार्ताहर) : राखणीचा कुत्रा भाकरी तोंडात घेतो अन् खाली टाकतो. मांजर एकाच बाजूने चावते. तोंडाला घाण वास येतो. आपण म्हणतो, वय झालं. पण बरेचदा दुखणं दाताचं असतं. 3 वर्षांपुढच्या पुष्कळ कुत्र्या-मांजरांना हिरड्यांचा आजार सुरू झालेला असतो.

अशा वेळी मोबाईलवरचा व्हिडिओ बघून काही जण घरीच दात खरवडायला जातात. एकाने जनावर धरायचं, दुसऱ्याने हत्यार चालवायचं. भूल नाही, खर्च नाही, दात पांढरे. पण हे काम फसवं आहे.

खरवडून काय होतं?

दातावर बसलेला चिकट थर दोन-तीन दिवसांत लाळेतल्या क्षारांमुळे कडक होतो. यालाच किटण म्हणतात. वरचं किटण दिसतं, पण खरा आजार हिरडीच्या खाली असतो. भातातला लव्हाळा वरून कापला तरी गड्डा जमिनीत राहतो, तसंच हे. दात चकचकीत दिसतात, आत मात्र हाड झिजत राहतं, आणि आपण निर्धास्त होतो. शिवाय जनावराने मान हलवली तर हत्यार हिरडीत किंवा जिभेत घुसतं. खरवडलेल्या दातावर ओरखडे राहिले तर किटण आणखी लवकर धरतं.

भूल कशासाठी?

भूल दिली की डॉक्टर श्वासनळीत नळी घालतात, म्हणजे पाणी व घाण फुप्फुसात जात नाही. मग हिरडीखाली साफ करता येतं, एक्स-रे काढता येतो, किडलेला दात काढता येतो. भुलेत थोडा धोका असतोच. म्हणून आधी वजन, हृदय आणि रक्त तपासतात.

भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, 1984 नुसार असे उपचार नोंदणीकृत पशुवैद्यकानेच करायचे असतात. आधी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. तिथे ही सोय नसेल तर पुढे कुठे न्यायचं ते डॉक्टरांनाच विचारा. मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

घरी भुलेशिवाय काय करता येतं?

- लहान मुलांचा मऊ ब्रश किंवा बोटाला ओलं फडकं गुंडाळून दातांची बाहेरची बाजू रोज पुसा. पिल्लू असतानाच सवय लावा.
- आपली टूथपेस्ट नको. काही पेस्टमध्ये झायलिटॉल असतं, ते कुत्र्याला विषारी. मशेरी तर अजिबात नको, तंबाखू जनावराला बाधते.
- शिजवलेली हाडं देऊ नका. दात तुटतो, तुकडा घशात अडकतो.
- दुखतं म्हणून आपली गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलने मांजर मरू शकतं.
- हिरडीतून रक्त येत असेल, दात हलत असेल तर ब्रशही थांबवा, डॉक्टर गाठा.

आणि दुखऱ्या तोंडात हात घालताना जनावर चावलंच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस घ्या. कुत्रा घरचा आहे म्हणून थांबू नका.