घरची वीज (लेखांक ४) : तीन किलोवॅटचा मोह

पाटण तालुका महाराष्ट्राच्या विजेशी जोडला गेला त्याला साठ वर्षं उलटली. १९६२ मध्ये कोयनेच्या पाण्यावर वीजनिर्मिती सुरू झाली (वीजघर घाटाखाली पोफळीला, पण पाणी पाटणचं). पुढे वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या आल्या. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये याच तालुक्यातली मान्याचीवाडी राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरली. शंभराच्या आसपास वीजजोडण्यांची ही वाडी.

सौरग्राम झालं म्हणून महावितरणचे खांब कुणी उपटत नाही. दिवसा छपरावर तयार झालेली जादा वीज लाइनीत जाते, रात्री लागेल ती लाइनीतून घेतली जाते, आणि नेट मीटर दोन्हींचा हिशेब ठेवतो. म्हणूनच लाइट गेली की बॅटरी नसलेलं सोलर भर उन्हातही बंद पडतं. ते मुद्दामच तसं बनवलेलं असतं. नाहीतर दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या छपरावरच्या विजेचा शॉक बसायचा. ‘मग तुमचं सोलर काय कामाचं?’ म्हणणाऱ्या शेजाऱ्याला एवढं सांगितलं तरी पुरे.

आता पैशांचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, असं जास्तीत जास्त ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. ते पॅनेल बसून, मीटर लागून, तपासणी झाल्यावर खात्यात येतं. पॅनेल देशात बनलेलं हवं, ही अटही आहे. पण ७८ हजार हा आकडा फार गोड आहे. तो सांगितला की घरमालक आपणहून तीन किलोवॅट म्हणतो, आणि पॅनेल विकणाऱ्याला तेच हवं असतं.

महिन्याला शंभर-एकशेवीस युनिट जाळणाऱ्या घराला तीन किलोवॅट कशाला? एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतो, म्हणजे महिन्याला सुमारे १२०. उरलेली युनिटं पुढच्या महिन्यांत वळती होतात हे खरं, पण ३१ मार्चला वहीच मिटते. तेव्हा शिल्लक असलेली युनिटं महावितरण विकत घेतं ते आपण मोजतो त्यापेक्षा बऱ्याच कमी दराने. शिवाय बिलातला स्थिर आकार भरावाच लागतो.

या ३१ मार्चचा एक फायदा मात्र आहे. नवं वर्ष एप्रिलला सुरू होतं, म्हणजे ऐन उन्हाच्या तोंडावर. एप्रिल-मेमध्ये जमलेली युनिटं जून ते ऑगस्ट खाता येतात. पाटण, जावळी, शिराळ्याकडे पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे ऊन दिसत नाही, तिथे ही पुंजी मोलाची. जत-आटपाडीकडे आभाळ बराच काळ मोकळं असतं. त्यामुळे आटपाडीच्या पाहुण्यांकडे किती वीज तयार झाली हे ऐकून पाटणमध्ये हिशेब मांडू नये.

लहान बिलाच्या घरांसाठी राज्याने २०२५ मध्ये ‘स्मार्ट’ नावाची योजना आणली, ती मला जास्त नेमकी वाटते. महिन्याला शंभर युनिटांच्या आत वापर असेल तर केंद्राच्या ३० हजारांवर राज्याची भर पडते. एक किलोवॅटचा खर्च ५० हजार धरला, तर दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाच्या खिशातून अडीच हजार जातात, अनुसूचित जाती-जमातींतल्या कुटुंबाचे पाच हजार आणि इतरांचे दहा हजार. म्हणजे योजनेची मापं खपाकडे पाहून कापता येतात.

मग वीज वाचवायला मदत का नाही? जुना पंखा ७५ वॉटचा, बीएलडीसी पंखा तिशीच्या आसपास. दोन पंखे रोज बारा तास फिरले तर महिन्याला जवळपास तीस युनिटं वाचतात. एवढी वीज छपरावर तयार करायची तर पाव किलोवॅट लागेल, म्हणजे वरच्याच हिशेबाने साडेबारा हजारांचं सामान. दोन पंखे त्याच्या निम्म्यात येतात. छपरावरच्या त्या सामानाला अनुदान आहे, पंख्याला मात्र १ जानेवारी २०२३ पासून सक्तीची झालेली ताऱ्यांची चिठ्ठी. सरकारला हे जमत नाही असंही नाही. २०१५ च्या ‘उजाला’ योजनेत ग्राहकाला रोख काहीच दिलं नव्हतं. एलईडी दिव्यांची एकगठ्ठा खरेदी केली आणि सुमारे ३१० रुपयांचा खरेदीदर चाळिशीच्या आत आणला. पंख्यांसाठी तेच त्या जोमाने झालेलं दिसत नाही. पंखे बदलल्याचा फोटो छापून येत नाही, हेही एक कारण असावं! असो. आपण आधी पंखे बदलावेत, मग तीन-चार महिन्यांची बिलं समोर ठेवून किलोवॅट ठरवावेत.

सांगलीकरांसाठी एक वेगळी सूचना. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, आणि ४५ फूट ही तिथली धोक्याची पातळी. पॅनेल गच्चीवर सुरक्षित राहतात, पण वायर वाचवण्यासाठी इन्व्हर्टर जिन्याखाली बसवण्याची सोय काही ठेकेदार सुचवतात. पूरपट्ट्यात ते ऐकू नका. इन्व्हर्टर वरच्या मजल्यावर, सावलीच्या भिंतीला घ्या, वायरचे थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील. अनुदान एका घराला एकदाच मिळतं, आणि बुडालेला इन्व्हर्टर स्वखर्चानेच बदलावा लागतो.

(पुढील आठवड्यात : गोठ्यामागचा गोबरगॅस)