विश्लेषण : ‘रनअवे ट्रेन’ - एका रॉक गाण्याने हरवलेली मुले खरेच घरी आणली का?

अमेरिकेत १९९३ साली एमटीव्ही लावून बसलेल्या मुलामुलींना एक वेगळाच व्हिडीओ दिसू लागला. गिटार घेतलेला, केसांच्या जटा वाढवलेला गायक मध्येच दिसेनासा व्हायचा आणि पडद्यावर यायचे एखाद्या मुलाचे किंवा मुलीचे साधे छायाचित्र. खाली नाव आणि कधीपासून बेपत्ता ते वर्ष. ही मुले अभिनय करत नव्हती, ती खरोखर हरवलेली होती. ‘सोल असायलम’ या बँडच्या ‘रनअवे ट्रेन’ या गाण्याचा हा व्हिडीओ. त्यामुळे काही मुले घरी परतली. मात्र घरी परतणे प्रत्येकासाठी चांगलेच होते का, हा प्रश्न तीस वर्षांनंतरही सुटलेला नाही.

गाणे मुळात कशाबद्दल होते?

हरवलेल्या मुलांबद्दल अजिबात नव्हते. सोल असायलम हा मिनियापोलिस शहरातला बँड. १९८०च्या दशकात पंक संगीतातून पुढे आलेला, छोट्या सभागृहांत वाजवणारा आणि जेमतेम ओळखला जाणारा. १९९२ मध्ये ‘ग्रेव्ह डान्सर्स युनियन’ हा त्यांचा अल्बम कोलंबिया कंपनीने आणला आणि त्यातले ‘रनअवे ट्रेन’ पुढच्या वर्षी सिंगल म्हणून बाहेर पडले. गायक आणि गीतकार डेव्ह पर्नर यांनी ते आपल्या नैराश्यावर लिहिले होते. रुळांवरून सुटलेली, थांबवता न येणारी गाडी म्हणजे त्यांचे स्वतःचे मन. हे गाणे बिलबोर्डच्या ‘हॉट १००’ यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत चढले आणि १९९४ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट रॉक गीताचे ग्रॅमी मिळाले. बँडचे एवढे मोठे यश हे पहिले आणि शेवटचेच.

मग मुलांची छायाचित्रे आली कुठून?

ही कल्पना दिग्दर्शक टोनी के यांची. के हे ब्रिटिश जाहिरातपट दिग्दर्शक. पुढे ‘अमेरिकन हिस्टरी एक्स’ (१९९८) या चित्रपटामुळे त्यांचे नाव झाले. ‘रनअवे’ या शब्दाचा इंग्रजीत दुसरा अर्थ घरातून पळून गेलेले मूल असाही होतो. के यांनी गाण्याचा तो दुसरा अर्थ उचलला. अमेरिकेच्या रस्त्यांवर दहा लाखांहून अधिक मुले भरकटलेली आहेत, अशा मजकुराने व्हिडीओ सुरू होतो. मधल्या दृश्यांत एक लहान मुलगा घरातली मारहाण पाहून बाहेर धाव घेतो, एक किशोरवयीन मुलगी रस्त्यावरच्या शोषणात अडकते, एका आईचे बाळ बाबागाडीतून पळवले जाते. या दृश्यांच्या आधारे खरी छायाचित्रे येत राहतात. शेवटी पर्नर स्वतः कॅमेऱ्याकडे पाहून सांगतात की यापैकी कोणी दिसले, किंवा यापैकी एक तुम्ही स्वतः असाल, तर फोन करा. क्रमांक असतो ‘नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्सप्लॉइटेड चिल्ड्रन’ या १९८४ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचा.

‘यापैकी एक तुम्ही स्वतः असाल तर’ हे शब्द महत्त्वाचे. त्याआधीच्या बऱ्याच मोहिमा प्रामुख्याने मोठ्यांशी बोलत होत्या.

दुधाच्या खोक्यांचा त्याच्याशी काय संबंध?

१९८० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत दुधाच्या कागदी खोक्यांवर हरवलेल्या मुलांची छायाचित्रे छापली जाऊ लागली. सुरुवात आयोवा राज्यातून झाली आणि पाहता पाहता देशभरच्या न्याहारीच्या टेबलांवर हे चेहरे पोहोचले. रोज सकाळी दूध ओतताना मुलांना भीती वाटते, अशी तक्रार काही बालरोगतज्ज्ञांनी केली. त्यात डॉ. बेंजामिन स्पॉकही होते. दशक संपेपर्यंत ही पद्धत मागे पडली. शिवाय घरातून निघून गेलेले सोळा वर्षांचे मूल सकाळी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात बसून दुधाचे खोके वाचत असेल, ही शक्यता कमीच. ते मित्राच्या घरी, रात्री उशिरा, एमटीव्हीसमोर सापडण्याची शक्यता जास्त. केबलवरून दिवसातून अनेकदा वाजणाऱ्या गाण्याने नेमका तोच प्रेक्षक गाठला.

किती मुले सापडली?

अमेरिकेसाठी व्हिडीओच्या तीन आवृत्त्या निघाल्या आणि त्यांत मिळून ३६ मुलांची छायाचित्रे होती. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियासाठी तिथल्या मुलांच्या वेगळ्या आवृत्त्या होत्या. वीसहून अधिक मुले सापडल्याचे दिग्दर्शक के सांगत आले. मात्र हा आकडा जपून घ्यायला हवा. व्हिडीओ झळकल्यानंतर मूल सापडले म्हणजे ते व्हिडीओमुळेच सापडले असे होत नाही. पोलिसांचा तपास, नातेवाईकांची धडपड, मुलाने स्वतःहून केलेला फोन हे सगळे त्याच काळात सुरू असते. तरीही काही मुलांनी स्वतःला पडद्यावर पाहिले आणि त्यातून गोष्टी हलल्या, हे नाकारता येत नाही. तीन-चार मिनिटांच्या गाण्यासाठी हे थोडेथोडके नाही.

प्रत्येक परतणे सुखाचे होते का?

नाही, आणि हे सर्वांत स्पष्टपणे सांगितले ते बँडच्याच गिटारवादकाने. डॅन मर्फी यांनी २००६ मधील एका मुलाखतीत दौऱ्यावर भेटलेल्या एका मुलीची गोष्ट सांगितली. मित्राच्या घरी तिने व्हिडीओत स्वतःचा चेहरा पाहिला, त्यातून तिला परत घरी जावे लागले आणि ते घर चांगले नव्हते. तुम्ही माझ्या आयुष्याची वाट लावलीत, असे ती त्यांना म्हणाली. तीही हसत हसत.

इथेच या व्हिडीओची खरी अडचण आहे. अमेरिकेत बेपत्ता म्हणून नोंद होणाऱ्या मुलांत अनोळखी माणसाने पळवून नेलेली मुले फारच थोडी असतात. बहुतांश मुले स्वतः घर सोडतात आणि त्यांतील अनेकांच्या मागे मारहाण, अत्याचार किंवा सावत्र नात्यांतला जाच असतो. व्हिडीओतल्या पहिल्याच दृश्यात मुलगा हिंसा पाहून घराबाहेर पळतो. म्हणजे दिग्दर्शकाला कारण ठाऊक होते. पण छायाचित्राखाली फक्त नाव आणि वर्ष येते. मूल कशापासून पळाले, हे सांगायला तिथे जागाच नाही. प्रेक्षकाच्या मनात एकच गोष्ट तयार होते : घरी आई वाट पाहत आहे.

काही प्रकरणांत तर ‘पळून गेली’ हा शब्दच खुन्याला आडोसा ठरला. व्हिडीओतील एका मुलीबाबत ती घर सोडून गेल्याची समजूत तीन दशके कायम होती. २०२० मध्ये तिचे अवशेष तिच्या दत्तक वडिलांच्याच घराच्या परसात सापडले आणि खून आपणच केल्याची कबुली त्याने दिली. ब्रिटनच्या आवृत्तीत दिसणाऱ्या दोन मुलींचे अवशेष २००७ मध्ये एका घराच्या बागेत खोदकाम करताना मिळाले. खुनी एकच होता. पर्नर कॅमेऱ्यात पाहून ज्यांना फोन करायला सांगत होते, त्यांच्यापैकी काही जण त्या वेळी जिवंतही नव्हते.

हीच कल्पना पुन्हा वापरली गेली का?

२०१९ मध्ये जेमी एन कॉमन्स, स्कायलर ग्रे आणि गॅलंट या गायकांनी हे गाणे नव्याने गायले. त्याचा व्हिडीओ पाहणाऱ्याच्या ठिकाणानुसार बदलत असे, म्हणजे तुम्ही ज्या भागात असाल तिथल्या बेपत्ता मुलांची छायाचित्रे त्यात येत. मूल सापडले की त्याचे छायाचित्र काढून टाकणेही अशा व्यवस्थेत शक्य असते. जुन्या व्हिडीओचे तसे नाही. तो आजही यूट्यूबवर पाहिला जातो आणि त्यातली मुले, आता चाळिशी-पन्नाशीत असतील तीही, नावासकट ‘बेपत्ता’च राहतात.

भारतात अशा छायाचित्रांबाबत काय नियम आहेत?

मुंबई दूरदर्शनवरचे ‘आपण यांना पाहिलंत का?’ मराठी घरांना नवीन नाही. कृष्णधवल चेहरा, उंची, बांधा, अंगावरचे कपडे आणि पोलीस ठाण्याचा पत्ता. गाणे वगैरे काही नसे, पण घरातली बडबड तेवढ्यापुरती थांबत असे. आता ते काम व्हॉट्सॲपवर आले आहे आणि अडचणही तिथेच आहे. ‘रनअवे ट्रेन’प्रमाणेच फॉरवर्ड झालेले छायाचित्र मूल सापडल्यानंतरही वर्षानुवर्षे फिरत राहते.

बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या किंवा गुन्ह्याला बळी पडलेल्या बालकाचे नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र, ओळख पटेल अशा रीतीने, प्रसिद्ध करता येत नाही. मूल हरवलेले असताना छायाचित्र शोधासाठी लागते. ते सापडून बाल कल्याण समितीसमोर गेले की तेच छायाचित्र त्याच्या अंगावर येऊ शकते. समितीने मुलाला पालकांच्या हवाली करण्याआधी घरची परिस्थिती पाहणे अपेक्षित असते. मर्फी यांना भेटलेल्या मुलीच्या वाट्याला जे आले, ते टाळण्यासाठीच ही पायरी आहे.

पोलिसांच्या बाजूने मोठा बदल २०१३ मध्ये झाला. ‘बचपन बचाओ आंदोलन’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचा आणि अपहरण किंवा मानवी तस्करी असल्याचे गृहीत धरून तपास करायचा. ‘पळून गेला असेल, येईल दोन दिवसांत’ हे उत्तर त्यानंतर कायद्यात बसत नाही. स्थानकावर, गाडीत किंवा रस्त्यात एकटे मूल दिसले तर छायाचित्र काढून ग्रुपवर टाकण्याऐवजी १०९८ किंवा ११२ या क्रमांकावर फोन करता येतो. घर सोडलेले मूल स्वतःही १०९८ वर बोलू शकते.