चंदीगडचे चलन : दंड भरावा की दाद मागावी?

चंदीगडमधील वाहतूक शिस्तीची ख्याती देशभर आहे. आखीव सेक्टर, रुंद मार्ग, वर्तुळाकार चौक आणि सिग्नलवर पांढऱ्या रेषेच्या अलीकडे थांबणारी वाहने हे दृश्य मुंबई-पुण्याहून शिमला-मनालीकडे निघालेल्या प्रवाशांना सुखावते. या शिस्तीची दुसरी बाजू मात्र त्यांना अनेकदा घरी परतल्यावरच कळते. मोबाइलवर संदेश येतो, गाडीचे छायाचित्र उघडते आणि मध्य मार्गावरील एखाद्या चौकात लाल दिवा असताना आपली गाडी रेषा ओलांडून पुढे गेल्याचे दिसते. चलन तयार झालेले असते.

अशा वेळी काही जण कटकट नको म्हणून लगेच रक्कम भरून मोकळे होतात, तर काही जण परमुलखातील चलन म्हणून त्याकडे दुर्लक्ष करतात. आरोप अमान्य करून न्यायालयापुढे बाजू मांडण्याचा तिसरा मार्ग बहुतेकांच्या मनात येत नाही आणि आलाच तर रागाच्या भरात येतो. वास्तविक हा निर्णय दंडाच्या रकमेवरून किंवा रागावरून घेण्याचा नाही. पुरावा किती भक्कम आहे आणि गुन्हा मान्य केल्यास पुढे काय होऊ शकते, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर तो अवलंबून असायला हवा.

आरोप आणि कबुली

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार चलन ही शिक्षा नव्हे. तो पोलिसांनी नोंदवलेला आरोप आहे. काही गुन्हे कलम २०० खाली ठरावीक रक्कम भरून मिटवता येतात. महाराष्ट्रात या रकमेला तडजोड शुल्क म्हणतात. मद्यपान करून वाहन चालवणे यांसारखे गुन्हे मात्र अशा रीतीने मिटवता येत नाहीत. ते दंडाधिकाऱ्यांपुढेच जातात.

१ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या सुधारणांनी दंडाच्या रकमा वाढवल्या, याची तेव्हा बरीच चर्चा झाली. त्याच सुधारणांतील एका तरतुदीकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. तडजोड शुल्क भरून मिटवलेला गुन्हा हा पुढील वेळी ‘आधी केलेला गुन्हा’ म्हणूनच मोजला जाईल, असे कलम २०० मध्ये स्पष्ट करण्यात आले. तसेच पैसे भरल्याने परवान्यावरील कारवाई टळत नाही, असेही त्यात नमूद आहे. पावती फाडली की विषय संपला, ही सर्वसामान्य समजूत कायद्याला मान्य नाही.

हेल्मेटचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. कलम १९४ ड नुसार हेल्मेट नसल्यास १,००० रुपये दंड आहेच, शिवाय तीन महिने परवान्यासाठी अपात्र ठरवण्याची तरतूद आहे. दुचाकीवर तिघांनी बसल्यासही तसेच. अतिवेग, सिग्नल तोडणे, वाहन चालवताना मोबाइल वापरणे अशा गुन्ह्यांत किमान तीन महिने परवाना निलंबित करावा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्येच राज्यांना दिले होते.

पर्यटनासाठी आलेल्या नोकरदाराला तीन महिने वाहन न चालवणे गैरसोयीचे असेल, पण तो बसने किंवा रिक्षाने फिरू शकतो. चंदीगड, मोहाली आणि पंचकुला या तीन शहरांत दिवसभर फेऱ्या मारणाऱ्या टॅक्सीचालकाचे तसे नाही. परवाना गेला की त्याचे उत्पन्नच थांबते. चलन एकाच रकमेचे असले तरी या दोघांसाठी त्याची किंमत सारखी नसते. म्हणूनच ‘हजार रुपयांसाठी कोर्टात कोण जाणार’ हा प्रश्न सर्वांना एकाच सुरात विचारता येत नाही.

चलनावरील कलम वाचणे त्यामुळे अत्यावश्यक ठरते. सिग्नल तोडण्याचा गुन्हा वाहतूक चिन्हांचे पालन न करणे म्हणून कलम ११९ आणि १७७ खाली नोंदवला गेला, तर पहिल्या वेळी ५०० आणि त्यानंतर १,५०० रुपयांपर्यंत दंड होतो. तोच प्रकार धोकादायक वाहनचालन म्हणून कलम १८४ खाली नोंदवला गेला, तर पहिल्याच वेळी १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कारावास, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे आणि प्रकरण न्यायालयात जाते. कलम १८४ मधील तडजोडीची मुभा केवळ मोबाइल हातात धरून वापरण्यापुरती आहे. रकमेकडे पाहून पुढे जाणाऱ्यांना हा फरक समन्स आल्यावरच समजतो.

कॅमेऱ्याची साक्ष

चंदीगडमध्ये सेक्टर १७ येथील एकात्मिक नियंत्रण केंद्राचे उद्घाटन २७ मार्च २०२२ रोजी तत्कालीन केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांच्या हस्ते झाले. शहरातील चौकांवरचे कॅमेरे या केंद्राशी जोडलेले असून लाल दिव्याचे उल्लंघन आणि अतिवेग ते टिपतात. वाहनाच्या क्रमांकावरून मालकाचा शोध लागतो. पोलिस शिपायाशी रस्त्यावर घालायचा वाद येथे संपला आहे. छायाचित्राशी हुज्जत घालता येत नाही.

मात्र छायाचित्राची तपासणी करता येते, आणि ती केलीच पाहिजे. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत समाविष्ट झालेल्या नियम १६७ अ ने अशा इलेक्ट्रॉनिक कारवाईला काही अटी घातल्या. यंत्राला मान्यतेचे प्रमाणपत्र हवे व त्याचे दरवर्षी नूतनीकरण हवे. कॅमेरा असल्याचा इशारा देणारा फलक ठळकपणे लावलेला हवा. उल्लंघन दाखवणारे छायाचित्र आणि ठिकाण, दिनांक व वेळ चलनात हवी. सूचना १५ दिवसांच्या आत पाठवण्याची मुदतही त्याच नियमाने घातली. त्याहून जुनी तरतूद कलम २०९ मध्ये आहे. अतिवेग किंवा धोकादायक वाहनचालनाच्या गुन्ह्यात चालकाला जागीच सूचना दिलेली नसेल, तर १४ दिवसांत नोटीस किंवा २८ दिवसांत समन्स गेल्याशिवाय दोषी ठरवता येत नाही. पत्ता न मिळाल्यासारख्या कारणांना त्यात अपवाद आहे; त्यामुळे घर बदलून नोंदणीपुस्तकावरील पत्ता तसाच ठेवणाऱ्याला या तरतुदीचा आधार मिळेलच असे नाही.

अतिवेगाबाबत कायद्याने आणखी एक संरक्षण दिले आहे. केवळ एका साक्षीदाराच्या मते गाडी वेगात होती, एवढ्यावर कोणालाही दोषी ठरवता येत नाही. त्या मताला यंत्राने केलेल्या मोजणीचा आधार असावा लागतो. संगणकीय पुरावा न्यायालयात मांडताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडावे लागते.

ही कलमे वाचून अनेकांना हुरूप येईल. त्यांनी थोडे थांबावे. छायाचित्रात लाल दिवा, रेषा आणि गाडीचा क्रमांक तिन्ही स्पष्ट दिसत असतील, नोटीस वेळेत आली असेल आणि गाडी खरोखरच आपण चालवत असू, तर तांत्रिक त्रुटींच्या आशेवर नाशिकहून चंदीगडच्या खेपा घालणे व्यवहार्य नाही. ‘पुढची गाडीही गेली’, ‘रस्ता मोकळा होता’, ‘आमच्याकडे असे चालते’ हे बचाव ठरत नाहीत. चंदीगडमध्ये याचे एक खास उदाहरण आहे. दुचाकीवरील महिलांच्या हेल्मेटचा प्रश्न तेथे अनेक वर्षे गाजला. जुलै २०१८ मध्ये प्रशासनाने पगडी बांधणाऱ्या शीख महिला वगळून इतर महिलांना हेल्मेट सक्तीचे केले. शीख संघटनांच्या आक्षेपानंतर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने दिल्लीप्रमाणे सर्व शीख महिलांना सूट देण्याची सूचना केली. भाड्याच्या स्कूटरवर निघालेल्या मराठी पर्यटक महिलेने शेजारची हेल्मेटविना जाणारी स्वारी पाहून स्वतःचे हेल्मेट काढले, तर चलन तिलाच मिळेल.

गाडी आपली नसताना

दाद मागायलाच हवी अशी प्रकरणे वेगळी आहेत. त्यांत पहिले बनावट क्रमांकाचे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत ताजमहाल हॉटेलच्या परिसरात एकाच क्रमांकाच्या दोन मोटारी आढळल्या. खऱ्या क्रमांकाच्या मालकाला त्याआधी आपण न केलेल्या उल्लंघनांची चलने येत होती. कर्जाच्या हप्त्यांमुळे गाडी जप्त होऊ नये म्हणून दुसऱ्याने आपल्या पाटीवरील अंकात फेरफार केल्याचे पोलिस तपासातून समोर आले. असे चलन किरकोळ म्हणून भरून टाकणे धोक्याचे आहे. पैसे भरणे म्हणजे ती गाडी आपलीच होती, असे लेखी मान्य करण्यासारखे आहे; उद्या त्याच बनावट क्रमांकाने अपघात झाला तर हीच पावती अडचणीची ठरेल. छायाचित्रातील गाडीचा रंग, प्रकार, पाटीची ठेवण यांतील फरक दाखवून, त्या दिवशी आपले वाहन अन्यत्र असल्याचा टोलचा किंवा पार्किंगचा पुरावा जोडून हरकत घ्यावी आणि स्थानिक पोलिसांकडे तक्रारही नोंदवावी.

दुसरा प्रकार विकलेल्या गाडीचा. व्यवहार झाला, चावी दिली, पण नोंदणीपुस्तकावर नाव जुन्याच मालकाचे राहिले, तर चलन त्याच्याच दारी येते. येथे विक्रेत्याची बाजू मनाला पटणारी असली तरी कायद्यात दुबळी आहे. विक्रीची माहिती नोंदणी अधिकाऱ्याला देण्याचे बंधन विक्रेत्यावरही आहे. त्याच राज्यातील व्यवहारात त्यासाठी १४ दिवसांची मुदत आहे. नोंदणीवर ज्याचे नाव तोच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या अपघात भरपाईच्या खटल्यात स्पष्ट केले आहे.

तिसरा प्रकार म्हणजे गाडी आपली, पण चालवणारा दुसरा. पोलिसांनी विचारल्यास चालकाचे नाव, पत्ता व परवान्याची माहिती देणे कलम १३३ नुसार मालकावर बंधनकारक आहे. भाड्याने मोटार देणारे व्यावसायिक याच मार्गाने चलन ग्राहकाकडे वळवतात. मुलगा अल्पवयीन असेल तर मात्र नाव सांगून सुटका होत नाही. कलम १९९ अ खाली पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड, तसेच वाहनाची नोंदणी १२ महिने रद्द होण्याची तरतूद आहे. येथे वकिलाचा सल्ला घेण्यास एक दिवसही उशीर करू नये.

दाद कोठे मागावी

केंद्र सरकारच्या परिवहन ई-चलन संकेतस्थळावर तक्रार नोंदवण्याची सोय आहे. चुकीचा क्रमांक किंवा दुबार चलन अशा उघड चुका येथेच दुरुस्त होऊ शकतात, म्हणून सुरुवात तेथून करणे श्रेयस्कर. चंदीगडमध्येच असलेल्यांना सेक्टर २९ मधील वाहतूक पोलिसांच्या कार्यालयात प्रत्यक्ष जाता येते. हरकत घेण्याची मुदत चलनावर किंवा नोटिशीवर पाहावी. यासंबंधीचे नियम वेळोवेळी बदलत असतात.

चलन न भरल्यास ते आभासी न्यायालयाकडे जाऊ शकते. दिल्लीत २०१९ मध्ये सुरू झालेली ही व्यवस्था मराठी वाचकांना अपरिचित नाही. नागपूर जिल्ह्यातील काटोलच्या आभासी न्यायालयाचे उद्घाटन तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या हस्ते ऑक्टोबर २०२० मध्ये झाले होते. येथे वाहनधारकापुढे दोनच पर्याय असतात : प्रस्तावित दंड भरणे किंवा खटला लढवणे. दुसरा पर्याय निवडल्यास प्रकरण नियमित न्यायालयाकडे वर्ग होते. चंदीगडपुरते हे न्यायालय म्हणजे सेक्टर ४३ मधील जिल्हा न्यायालय संकुल. अशा खटल्यांच्या समन्समध्ये साधारणतः वकिलामार्फत हजर राहण्याची मुभा असते, त्यामुळे प्रत्येक तारखेला प्रवास करावाच लागतो असे नाही. वकिलाचे शुल्क मात्र दंडाहून अधिक असू शकते.

राष्ट्रीय लोकअदालतीतही चलने निकाली निघतात आणि जुनी थकबाकी एकदम मिटवू इच्छिणाऱ्यांना ती सोयीची आहे. पण लोकअदालत तडजोडीसाठी आहे. आपण निर्दोष आहोत असे म्हणणाऱ्याने तेथे जाऊन उपयोग नाही, शिवाय तेथील निवाड्यावर अपील करता येत नाही. कर्नाटकात फेब्रुवारी २०२३ मध्ये थकीत चलनांवर ५० टक्के सवलत मिळाली होती, तेलंगणातही त्याआधी मोठी सूट जाहीर झाली होती. तशी सवलत चंदीगडमध्येही मिळेल या भरवशावर चलन पडून ठेवणे म्हणजे समन्सची वाट पाहणे होय.

चलनाच्या नावाने येणारे बनावट संदेश हा अलीकडचा उपद्रव आहे. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल उघडताच मोबाइलमधील बँक खात्याची माहिती चोरांच्या हाती जाते. कोणत्याही संदेशातील दुव्यावरून पैसे न भरता ‘जीओव्ही डॉट इन’ने संपणारा सरकारी पत्ता स्वतः टाइप करून, चलन खरोखर नोंदले आहे का, हे आधी पाहावे. रक्कम भरल्यानंतर पावती जतन करावी आणि काही दिवसांनी त्याच संकेतस्थळावर चलन निकाली निघाल्याची खात्री करावी. गाडी विकताना किंवा पत्ता बदलताना परिवहन कार्यालयात हीच नोंद आडवी येते.