डोळ्यात गॅसचा बुडबुडा असेल तर घाट चढायचा नाही

मी डॉक्टर नाही, कोड लिहिणारा माणूस आहे. पण मामाच्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्याच्यासोबत राहिलो आणि एक गोष्ट पक्की कळली. पडद्याचं ऑपरेशन म्हणजे एकच ऑपरेशन नाही, त्यामुळे आरामही सगळ्यांना सारखा नसतो.

लेझर किंवा डोळ्यातलं इंजेक्शन असेल तर त्याच दिवशी घरी. थोडं चुरचुरतं, धूसर दिसतं. इंजेक्शनच्या जागी लाल डाग दिसला तर तो हळूहळू जातो.

बकल म्हणजे डोळ्याला बाहेरून सिलिकॉनची पट्टी बसवणं. यात सूज आणि दुखणं जास्त. डोळा फिरवला की ठणकतो.

व्हिट्रेक्टॉमीत डोळ्यातला जेलीसारखा पदार्थ काढतात आणि गरजेप्रमाणे गॅस किंवा सिलिकॉन तेल भरतात. मामाला गॅस होता, कारण पडद्याच्या मधोमध छिद्र होतं.

आता फोनमधलं लेव्हल मोजायचं ॲप आठवा. बुडबुडा कायम वर जातो. पडदा असतो डोळ्याच्या मागे. मग बुडबुडा तिथे टेकायचा कसा? तोंड खाली करून! म्हणून मामा काही दिवस टेबलावर उशी ठेवून त्यावर कपाळ टेकून बसायचा. मान अवघडायची. फोन मांडीवर ठेवून गप्पा, कानात पॉडकास्ट, असे दिवस काढले.

खरी अडचण पुढे. ऑपरेशन मुंबईत, घर पुण्यात. उंचीवर हवेचा दाब कमी होतो, गॅस फुगतो आणि डोळ्यातला दाब धोकादायक वाढू शकतो. म्हणून विमान बंद, आणि घाट डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. मामा मुंबईतच थांबला. एसएफ६ गॅस साधारण २-३ आठवडे राहतो, सी३एफ८ सुमारे ६-८ आठवडे. दुसऱ्या कुठल्या ऑपरेशनची वेळ आली, तर भूल देणाऱ्यांनाही गॅसबद्दल आधी सांगा. भुलीतल्या नायट्रस ऑक्साइडनेही तो फुगतो.

सिलिकॉन तेल असं फुगत नाही, पण ते आपोआप जातही नाही. बहुतेकदा दुसरं ऑपरेशन करून काढावं लागतं.

दुखणं वाढत गेलं, नजर कमी झाली, चमका किंवा काळा पडदा दिसला, तर सकाळची वाट बघू नका.

डिस्चार्जच्या वेळी तीन प्रश्न विचारा: डोळ्यात काय भरलंय? डोकं कसं ठेवायचं, किती दिवस? प्रवास कधी? उत्तरं फोनमध्ये लिहून ठेवा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!