स्टिअरिंगला भेगा पडल्यात? घरीच दुरुस्त करा!

गाडी धुतली, पॉलिश केली, सीटना नवी कव्हरं घातली. पण ज्याला रोज हात लागतो, त्या स्टिअरिंगचं काय? हाताचा घाम, तेलकटपणा आणि काचेतून येणारं ऊन यांमुळे ते आधी गुळगुळीत होतं, मग चिकटतं, शेवटी त्याला भेगा पडतात. हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. घाटातल्या वळणावर हात निसटला तर?

सुरुवात सफाईने करा. कोमट पाण्यात सौम्य साबणाचे थेंब टाका, फडकं घट्ट पिळून चाक पुसा. पुष्कळदा 'झीज' म्हणजे साचलेला मळच असतो.

अँबॅसिडर, पद्मिनीसारख्या जुन्या गाड्यांच्या कडक चाकाला भेग असेल, तर ती पात्याने वरून थोडी रुंद करा. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने कडा खरखरीत करून धूळ झटका. दोन ट्यूबमधलं इपॉक्सी पाकिटावरच्या प्रमाणात कालवून किंचित वर येईल इतकं भरा. २४ तास हात लावू नका. नंतर १२०, २४० आणि ४०० नंबरच्या पेपरने क्रमाने घासा. प्रायमर लावा आणि रंगाचे दोन-तीन पातळ हात द्या.

लेदरचं चाक नुसतं फिकट झालं असेल, तर ६०० नंबरचा पेपर हलकेच फिरवा, लेदरचा जुळता रंग पातळ लावा, वर सीलर द्या. चाक फारच सोलवटलं असेल, तर सुई-दोऱ्याने शिवायचं कव्हर उत्तम. चाकाचा व्यास मोजूनच ते घ्या. चाकावर सरकणारं सैल कव्हर आणि चकाकीसाठी लावलेलं तेल, दोन्ही धोक्याचीच!

मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवा. आतली लोखंडी कडी वाकली किंवा तडकली असेल, तर डागडुजी नको, चाकच बदला. दुसरं, १ जुलै २०१९ पासून देशात प्रत्येक नव्या मोटारीत चालकासाठी एअरबॅग सक्तीची आहे. ती चाकाच्या मधल्या भागातच असते. तो भाग उघडू नका, रंगवू नका, कव्हरने झाकूही नका.

काम झाल्यावर गाडी रस्त्यावर काढण्यापूर्वी इंजिन सुरू करून, उभ्या गाडीतच चाक दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून पाहा. पकड कुठेही सुटत नाही ना? मग खुशाल निघा!