तळाचा संघ आणि महागडा खेळाडू

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉल ही 30 संघांची व्यावसायिक स्पर्धा असून तिच्यात प्रत्येक संघ एका हंगामात 162 सामने खेळतो, आणि संघाने आपल्या खेळाडूंवर किती पैसा खर्च करावा याला तेथे कोणतीही कमाल मर्यादा नाही. भारतीय वाचकाच्या परिचयाच्या आयपीएलमध्ये सर्व संघांना लिलावासाठी सारखीच रक्कम ठरवून दिलेली असते, त्यामुळे एका खेळाडूवर अधिक खर्च केला तर उरलेल्यांसाठी आपोआपच कमी उरते. बेसबॉलमध्ये मात्र ठरावीक आकड्यापलीकडे, 2025 साली 24.1 कोटी डॉलरपलीकडे, गेलेल्या संघाला दंडवजा कर भरावा लागतो एवढेच, आणि तो भरण्याची तयारी असलेला मालक हवे तितके करार करू शकतो. म्हणूनच हंगाम संपून थंडीच्या दिवसांत करारांचा बाजार उघडला की हरणाऱ्या संघांच्या गावी एकच मागणी जोर धरते, ती म्हणजे मालकाने हात सैल सोडावा आणि एखादा नामांकित खेळाडू आणावा. ही मागणी भाबडी मुळीच नाही. पण तिला सरसकट होकार देता येत नाही आणि सरसकट नकार देणारे मालकही बहुधा खरे कारण सांगत नाहीत.

बेसबॉलमध्ये एकटा खेळाडू किती फरक पाडू शकतो याला खेळाच्या रचनेनेच मर्यादा घातली आहे. क्रिकेटमध्ये चांगला सलामीवीर दिवसभर खेळपट्टीवर उभा राहू शकतो, परंतु बेसबॉलमध्ये नऊ फलंदाज ठरलेल्या क्रमाने येतात आणि आपली पाळी झाली की, होम रन, म्हणजे चेंडू थेट सीमेपार धाडणारा फटका, मारलेला असो वा बाद झालेला असो, उरलेल्या आठ जणांची पाळी होईपर्यंत प्रत्येकाला थांबावे लागते, त्यामुळे सर्वोत्तम फलंदाजाच्याही वाट्याला एका सामन्यात चार-पाचच संधी येतात. चेंडू फेकणाऱ्याला पिचर म्हणतात. सामन्याची सुरुवात करणारा पिचर खांद्याला विश्रांती हवी म्हणून पाच-सहा दिवसांतून एकदाच खेळतो आणि धडधाकट राहिला तरी हंगामातील सुमारे 32 सामन्यांतच उतरतो. खेळाडूचे मोल मोजण्यासाठी अभ्यासक ‘वॉर’ नावाचे एक माप वापरतात. किमान मानधनावर कधीही मिळू शकणाऱ्या साध्या बदली खेळाडूच्या तुलनेत अमुक खेळाडू हंगामात किती जादा विजय मिळवून देतो, असा त्याचा अर्थ. निव्वळ बदली खेळाडूंचा संघ 162 पैकी सुमारे 48 सामने जिंकेल असे या मापात गृहीत धरलेले असते, आणि अगदी पहिल्या प्रतीचा तारा त्यात सहा ते आठ विजयांची भर घालतो. बाद फेरीत जाण्यासाठी साधारणपणे 85 ते 90 विजय लागतात. याचा अर्थ असा की 82 विजयांच्या आसपास घुटमळणाऱ्या संघाला एक तारा थेट बाद फेरीत नेऊ शकतो, तर 62 सामने जिंकणाऱ्या संघाला तोच खेळाडू त्याच पैशांत 69 वर नेऊन ठेवतो, आणि 69 विजयांना ना बाद फेरी मिळते ना तिच्यासोबत येणारे उत्पन्न.

दुसरी अडचण वयाची आहे. मेजर लीगमध्ये सहा हंगामांची सेवा पूर्ण होईपर्यंत खेळाडू मूळ संघाशी बांधलेला असतो. पहिली तीनएक वर्षे तो किमान मानधनावर किंवा त्याच्या आसपास खेळतो, पुढील तीन वर्षे त्याचे मानधन लवादाच्या चौकटीत ठरते, आणि त्यानंतरच तो ‘फ्री एजंट’ म्हणजे कोणत्याही संघाशी करार करण्यास मोकळा होतो. खेळाडूंना हे स्वातंत्र्य 1975 साली लवादाने दिलेल्या निर्णयामुळे मिळाले आणि ते न्याय्यच होते. परंतु तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी पदार्पण करणारा खेळाडू बाजारात येईपर्यंत तिशीला टेकलेला असतो, आणि बेसबॉलमधील बहुतेकांचा बहर सव्वीस ते एकोणतीस या वयात येऊन गेलेला असतो. आल्बर्ट पुहोल्स या थोर फलंदाजाशी लॉस एंजेलिस एंजल्सने डिसेंबर 2011 मध्ये दहा वर्षांचा 24 कोटी डॉलरचा करार केला तेव्हा तो बत्तिशीच्या उंबरठ्यावर होता; त्या संपूर्ण काळात एंजल्स एकदाच, 2014 साली, बाद फेरीत पोहोचले आणि तेथे एकही सामना न जिंकता परतले. पुढे याच संघात माइक ट्राउट आणि शोहेई ओहतानी हे त्या पिढीतील दोन सर्वश्रेष्ठ खेळाडू 2018 ते 2023 असे सहा हंगाम एकत्र होते, तरी त्यांपैकी एकाही हंगामात संघाचे विजय पराभवांपेक्षा अधिक झाले नाहीत.

तळाच्या संघाने महागडा खेळाडू घ्यावा का, या प्रश्नाचे सर्वांत बोलके उत्तर टेक्सास रेंजर्स या एकाच संघाच्या इतिहासात दोन वेळा, दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी मिळते. सन 2000 मध्ये हा संघ 71 विजयांसह आपल्या गटात तळाला होता. त्या डिसेंबरात मालक टॉम हिक्स यांनी सिअॅटल मरिनर्सकडून मोकळा झालेल्या अॅलेक्स रॉड्रिग्ज या 25 वर्षांच्या शॉर्टस्टॉपशी, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या मोक्याच्या जागी क्षेत्ररक्षण करणाऱ्या खेळाडूशी, दहा वर्षांचा 25.2 कोटी डॉलरचा करार केला. दोनच वर्षांपूर्वी हिक्स यांनी अख्खा संघ सुमारे 25 कोटी डॉलरला विकत घेतला होता, यावरून या आकड्याची कल्पना यावी. वय पाहता निवड चुकीची नव्हती आणि रॉड्रिग्जने मैदानावर त्या पैशांचे चीज केले: पहिल्या तीन हंगामांत त्याने अनुक्रमे 52, 57 आणि 47 होम रन मारले, आणि 2003 साली तर तळाच्या संघात असूनही त्याला अमेरिकन लीगचा, म्हणजे मेजर लीगच्या दोन शाखांपैकी एकीचा, सर्वोत्तम खेळाडू ठरवण्यात आले. या तीन वर्षांत आपण बंदी असलेली उत्तेजके घेतली होती, अशी कबुली त्याने पुढे 2009 मध्ये दिली, हेही येथे नोंदवले पाहिजे. पण उत्तेजकांसह मिळालेल्या त्या धावांनीही संघाचे भले झाले नाही. रेंजर्सचे विजय 73, मग 72, मग 71 असे उतरत गेले आणि तिन्ही वर्षे संघ गटात शेवटचाच राहिला.

याचे कारण रॉड्रिग्जच्या मानधनात तितकेसे नाही, जितके त्याच्या भोवतालच्या पोकळीत आहे. धावा करणारे फलंदाज या संघात आधीच पुरेसे होते. वानवा होती ती पिचर्सची, आणि ती भरून काढणारी तरुण मुले संघाच्या मायनर लीगमध्ये, म्हणजे नवोदितांना घडवणाऱ्या दुय्यम स्पर्धांमधील संलग्न संघांत, तयार झालेली नव्हती. ही उणीवही बाजारातूनच भरावी म्हणून डिसेंबर 2001 मध्ये पाक चान-हो या कोरियन पिचरला पाच वर्षांसाठी 6.5 कोटी डॉलर देण्यात आले, आणि दुखापतींमुळे तो करार संघाच्या गळ्यात पडला. याच सुमारास सिअॅटलमध्ये जे घडले ते अधिक विचार करायला लावणारे आहे. रॉड्रिग्ज निघून गेल्यावर त्या संघाने 2001 साली 116 सामने जिंकून एका हंगामातील सर्वाधिक विजयांच्या विक्रमाशी बरोबरी केली. फेब्रुवारी 2004 मध्ये रेंजर्सने रॉड्रिग्जला न्यूयॉर्क यांकीजकडे पाठवले, उरलेल्या मानधनापैकी सुमारे 6.7 कोटी डॉलर स्वतः भरण्याचे कबूल केले, आणि त्याच वर्षी त्याच्याविना 89 सामने जिंकले. मे 2010 मध्ये संघाने दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा धनकोंच्या यादीत अग्रभागी रॉड्रिग्जचे नाव होते, कारण त्याचे जवळजवळ 2.5 कोटी डॉलर अद्याप देणे होते.

इतका चटका बसलेला संघ पुन्हा त्या वाटेला जाणार नाही असे कोणालाही वाटले असते. परंतु 2021 साली 102 सामने हरल्यानंतर रेंजर्सने अवघ्या काही दिवसांत कोरी सीगरशी दहा वर्षांचा 32.5 कोटींचा आणि मार्कस सेमिएनशी सात वर्षांचा 17.5 कोटींचा करार केला. पहिल्या वर्षी संघ 94 सामने हरला आणि टीकाकारांना जुने दिवस आठवले. व्यवस्थापन मात्र थांबले नाही: त्यांनी जेकब डीग्रॉम या पिचरला पाच वर्षांसाठी 18.5 कोटी दिले, नेथन इव्हाल्डीला त्यामानाने स्वस्तात घेतले आणि निवृत्त झालेले अनुभवी व्यवस्थापक ब्रूस बोची यांना परत बोलावले. 2023 मध्ये या संघाने 90 सामने जिंकले, बाद फेरीत परक्या मैदानांवरील अकराच्या अकरा सामने जिंकले आणि आपल्या इतिहासातील पहिली वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपद ठरवणारी अंतिम मालिका, पटकावली. अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू सीगर ठरला.

या यशामागे पैसा होता हे खरे, पण केवळ पैसा असता तर डीग्रॉमचा करारच सर्व काही बुडवायला पुरेसा होता, कारण त्याने त्या हंगामात सहाच सामन्यांची सुरुवात केली आणि कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे तो बाहेर गेला. त्या धक्क्याने संघ कोलमडला नाही, कारण सीगर आणि सेमिएन यांच्याभोवती अत्यल्प मानधनावर खेळणारे भक्कम खेळाडू उभे होते. जॉश यंग आणि इव्हन कार्टर ही संघाने स्वतः घडवलेली मुले होती, तर अमेरिकन लीगच्या निर्णायक मालिकेचा मानकरी ठरलेला अडोलिस गार्सिया हा दुसऱ्या संघाने किरकोळ रकमेला सोडून दिलेला खेळाडू होता. शिवाय हंगाम मध्यावर आल्यावर, जिंकण्याची खरी शक्यता दिसताच, जॉर्डन मॉन्टगोमेरी आणि मॅक्स शर्झर या पिचर्सना आणून संघाने नेमकी दुखरी जागा भरली. सन 2000 च्या कराराला हे पाठबळ नव्हते. म्हणून तळाच्या संघाच्या बाबतीत रकमेपेक्षा त्या रकमेभोवती काय उभे आहे, हे आधी पाहावे लागते.

कोलोराडो रॉकीज या संघाची कथा याच्या नेमकी उलट आहे आणि ती त्या गावच्या चाहत्यांसाठी अतिशय क्लेशकारक आहे. फेब्रुवारी 2021 मध्ये या संघाने नोलन अॅरेनाडो हा स्वतः घडवलेला, क्षेत्ररक्षणात अजोड असलेला खेळाडू सेंट लुईसला देऊन टाकला, वर त्याच्या मानधनापोटी सुमारे पाच कोटी डॉलरही दिले. आणि सुमारे वर्षभराने तिशी ओलांडलेल्या क्रिस ब्रायंटशी सात वर्षांचा 18.2 कोटींचा करार केला. दुखापतींनी ग्रासलेला ब्रायंट पुढील चार हंगामांत मिळून 200 सामनेही खेळू शकला नाही, आणि 2025 मध्ये रॉकीज 119 सामने हरले. नाव मोठे आहे एवढ्याच कारणासाठी केलेली खरेदी इतकी महाग पडते.

तथापि या उदाहरणांवरून तळाच्या संघाने पाकीट मिटून बसावे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल, कारण सततच्या पराभवाचीही एक किंमत असते. डेट्रॉइट टायगर्स 2003 साली 119 सामने हरले तेव्हा कोणताही नामांकित खेळाडू तेथे यायला राजी नव्हता. अशा वेळी इव्हान रॉड्रिग्ज हा नुकताच विजेत्या संघातून मोकळा झालेला कॅचर, म्हणजे यष्टिरक्षकासारखा खेळाडू, चार वर्षांसाठी चार कोटी डॉलरवर आला. संघाने पहिल्याच वर्षी 72 सामने जिंकले, पुढच्या वर्षी मॅग्लिओ ऑर्डोनेझ हा नामांकित फलंदाज आला, दरम्यान जस्टिन व्हर्लँडरसारखा तरुण पिचर निवडून घडवला गेला, आणि 2006 साली टायगर्स वर्ल्ड सिरीजपर्यंत पोहोचले. विजयांच्या हिशेबात न मावणारे काम येथे त्या पहिल्या कराराने केले: या गावात पुन्हा खेळायला येण्यासारखे काही आहे, हे त्याने इतर खेळाडूंना दाखवून दिले.

पैसा नाही हे मालकांचे कारणही तपासून घ्यावे लागते, कारण मेजर लीगमध्ये श्रीमंत संघांच्या स्थानिक उत्पन्नातील मोठा वाटा लहान शहरांच्या संघांकडे वळवला जातो, आणि तो संघ सुधारण्यासाठीच वापरावा असा नियम आहे. तो तसा वापरला जात नाही, अशी तक्रार खेळाडूंच्या संघटनेने 2018 मध्ये चार संघांविरुद्ध केली होती व पिट्सबर्ग पायरेट्स त्यांपैकी एक होता. हा संघ 1993 ते 2012 अशी सलग वीस वर्षे विजयांपेक्षा पराभव अधिक पत्करत आला होता, आणि त्या काळात त्याचे 2001 साली उघडलेले नवे मैदान मुख्यतः सार्वजनिक पैशातून उभे राहिले. त्याच पिट्सबर्गला आज पॉल स्कीन्स नावाचा असा पिचर लाभला आहे की 2025 मध्ये त्याला नॅशनल लीग या दुसऱ्या शाखेतील सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार एकमताने मिळाला. तरीही त्याच्या नावावर 10 विजय आणि 10 पराभव लागले, कारण संपूर्ण मेजर लीगमध्ये सर्वांत कमी धावा त्याच्या संघाने केल्या. म्हणजे तारा आहे, तोही अजून काही वर्षे बाजारभावाच्या कितीतरी खाली उपलब्ध आहे, आणि उणीव केवळ फलंदाजांची आहे. खर्च करण्यासाठी यापेक्षा योग्य वेळ एखाद्या हरणाऱ्या संघाच्या वाट्याला क्वचितच येते, आणि नियमानुसार 2029 चा हंगाम संपल्यावर स्कीन्स मोकळा होणार आहे.