मद्यधुंद बेशुद्ध रुग्ण आणि आपत्कालीन विभागातील अग्रक्रम

प्रस्तावना :
आपत्कालीन विभागातील रुग्णांची त्यांच्या आगमनाच्या क्रमाने नव्हे, तर प्रकृतीच्या गांभीर्यानुसार केलेली वर्गवारी म्हणजे 'ट्रायाज' होय. मद्यपान केलेला, प्रतिसाद न देणारा रुग्ण या वर्गवारीत अनेकदा मागे पडतो. 'प्यायला आहे, उतरली की उठेल' ही समजूत त्यामागे असते. ती घातक कशी ठरते, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

शुद्धीचे मोजमाप :
टीसडेल व जेनेट यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या ग्लासगो कोमा स्केलमध्ये डोळे उघडणे, बोलणे व हालचाल यांवरून ३ ते १५ गुण दिले जातात. ८ किंवा त्याहून कमी गुण असल्यास श्वसनमार्ग धोक्यात आहे असे मानतात. इमर्जन्सी सिव्हिअरिटी इंडेक्स या पाच स्तरांच्या पद्धतीत प्रतिसाद न देणारा रुग्ण पहिल्या स्तरात येतो. मद्याचा दर्प हा त्यास अपवाद ठरत नाही.

दर्पाआड दडलेली कारणे :
बेशुद्धावस्थेत जीभ मागे पडून श्वास कोंडतो, तसेच उलटी फुप्फुसात जाऊ शकते. पोटातील मद्य शोषले जात असल्याने पिणे थांबल्यानंतरही रक्तातील त्याचे प्रमाण काही काळ वाढत राहते. मद्यामुळे यकृताची नवी साखर निर्माण करण्याची क्रिया मंदावते. उपाशी व्यक्तीची रक्तशर्करा त्यामुळे धोकादायकरीत्या घटते. बोटातून घेतलेल्या थेंबभर रक्तावरून हे क्षणात कळते. पडल्यामुळे झालेला मेंदूतील रक्तस्रावही नशा समजला जाण्याचा संभव असतो. दीर्घकाळ मद्यपान करणाऱ्यांत यकृतविकारामुळे रक्त गोठण्याची क्षमता कमी झालेली असल्यास हा धोका अधिकच वाढतो.

मद्यच विषारी असेल तर प्रश्न आणखी गंभीर होतो. मुंबईतील मालवणी येथे जून २०१५ मध्ये अशा दारूने शंभराहून अधिक बळी घेतले. मिथेनॉलपासून शरीरात तयार होणारे फॉर्मिक आम्ल दृष्टी व प्राण दोन्ही हिरावते. त्याची लक्षणे काही तासांनी प्रकट होत असल्याने प्रारंभी रुग्ण केवळ नशेत असल्यासारखा भासतो.

निष्कर्ष :
'नशा' हे निदान इतर कारणे वगळल्यानंतरच करावयाचे असते. म्हणून श्वसनमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण व रक्तशर्करा यांची तपासणी प्रथम आणि शुद्धीचे मोजमाप वारंवार करणे आवश्यक ठरते. बेशुद्ध रुग्ण स्वतःची तक्रार मांडू शकत नाही. त्याच्या वर्तनाविषयीचा नैतिक निवाडा उपचाराच्या अग्रक्रमात मिसळला, तर त्याचे मूल्य त्याला प्राणाने चुकवावे लागते.